वर्षारंभाचे प्रकार

भारतात नवे वर्ष कधी सुरू होते, हे विचारणारा कोणत्या दुकानासमोर उभा आहे यावर ठरते. मुंबईतल्या एखाद्या जुन्या गल्लीत किराणावाला कच्छी असेल तर त्याचे वर्ष आषाढात लागते, कापडवाल्या गुजरात्याचे दिवाळीच्या पाडव्याला, कोपऱ्यावरच्या इराण्याचे २१ मार्चला, केरळी टायरवाल्याचे एकदा एप्रिलात आणि एकदा ऑगस्टात. गल्लीच्या तोंडाशी बँक असते, तिचे १ एप्रिलला. मधल्या चाळीतले मराठी बिऱ्हाड गुढीपाडव्याला गुढी उभारते, ३१ डिसेंबरला रात्री बारापर्यंत जागते आणि दिवाळीतल्या पाडव्याला ओवाळणी घेते. यांतला आपला खरा वर्षारंभ कोणता, असे त्याला विचारले तर ते विचारात पडते आणि मग शाळा जूनमध्ये सुरू होते असे सांगते.

स्वातंत्र्यानंतर सरकारला ही अवस्था पाहवली नाही. १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने देशभरची पंचांगे मागवली, तेव्हा सुमारे ३० वेगवेगळ्या कालगणना सुखाने नांदत असल्याचे आढळले. १९५५ साली अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिसांच्या एकतीस झाल्या. ही एकतिसावी शास्त्रशुद्ध आहे, सुटसुटीत आहे, राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर तिचा उच्चार होतो. फक्त तिच्या पहिल्या दिवशी देशातल्या एकाही घरात पुरण शिजत नाही. ज्या दिवशी गोडधोड होत नाही त्याला भारतीय माणूस सण म्हणत नाही, तारीख म्हणतो.

या सगळ्या घोळाचे मूळ आकाशात आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात, सूर्याला मात्र तीनशे सव्वापासष्ट दिवस लागतात. राहिलेल्या अकरा दिवसांचे काय करायचे, याची तीन उत्तरे भारतात चालतात. इस्लामी हिजरी कालगणना हे अकरा दिवस सरळ सोडून देते. म्हणून रमजान कधी मे महिन्याच्या उन्हात येतो, कधी डिसेंबरच्या थंडीत, आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंची प्रदक्षिणा पुरी करतो. बंगाली, तमिळ, मल्याळी, पंजाबी, उडिया मंडळींनी वर्षारंभापुरता चंद्राचा नाद सोडून सूर्य धरला. हिंदूंची चांद्रपंचांगे आणि ज्यूंचे पंचांग तूट साठवत राहतात आणि साठली की एक जादा महिना घालतात. ज्यू १९ वर्षांत असे ७ महिने घालतात. आपल्याकडे साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जावयाला बोलावून अनारसे देतात. खगोलशास्त्रातली ही तूट महाराष्ट्रात सासऱ्याच्या खर्चाने भरून निघते.

महिना कुठे संपवायचा यावरही एकमत नाही. महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत तो अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे उत्तर भारतीय दूधवाल्याचा श्रावण मराठी गिऱ्हाइकाच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो. दूधवाला सोमवारचा उपास धरून दूध घालायला येतो, तेव्हा गिऱ्हाईक आषाढ अमावास्येच्या बेतात गुंतलेले असते. गोकुळाष्टमी दोघांची एकाच रात्री. पण मराठी कृष्ण श्रावणात जन्मतो आणि मथुरेकडचा भाद्रपदात. या फरकावरून आजवर कुठे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही, कारण दहीहंडी दोघांनाही दुसऱ्या दिवशीच बघायची असते.

चैत्र शुद्ध प्रतिपदेचा गट संख्येने मोठा. महाराष्ट्रात गुढीपाडवा, गोव्यात संवसर पाडवो, कर्नाटक-आंध्र-तेलंगणात उगादी, काश्मिरी पंडितांचे नवरेह, मणिपूरचा साजिबू चैराओबा हे सगळे याच दिवशी किंवा याच्या आगेमागे येतात. सिंधी लोकांचा चेटीचंड दुसऱ्या दिवशी. उल्हासनगरात त्यामुळे वर्ष एक दिवस उशिरा सुरू होते. वर्षाचा आकडा मात्र जुळत नाही. महाराष्ट्रात शालिवाहन शक, म्हणजे इसवी सनातून ७८ वजा. उत्तरेत विक्रम संवत, म्हणजे ५७ मिळवा. एकाच सकाळी उठलेले दोन शेजारी एकमेकांपासून १३५ वर्षे दूर असतात आणि तरी एकाच रिक्षाने स्टेशनवर जातात.

एवढे मोठे मतभेद शोधायला राज्याबाहेर जाण्याचे कारण नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेतावरच्या सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. खानदेशात तोच हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. खानदेशी सासुरवाशीण दिवाळीला माहेरी गेली नाही तरी एकवेळ चालते, आखाजीला गेली नाही तर दोन्ही घरांत बोलणी होतात. झाडाला झोके बांधतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो, आणि सालदार जुन्या मालकाकडेच राहणार की नव्याकडे जाणार, हे त्या दिवशी कळते. पाडवा ते आखाजी यांत महिन्याभराचे अंतर आहे. एवढ्या अवधीत विदर्भातला सालगडी नव्या मालकावर नाराज होऊन मोकळा झालेला असतो आणि खानदेशातला अजून जुन्यावरच नाराज असतो.

पुण्या-कोकणातली तऱ्हा याहून सूक्ष्म आहे. राशिचक्र कुठल्या ताऱ्यापासून मोजायचे यावर मराठी पंचांगकर्त्यांत दोन पक्ष पडले. चित्रापक्ष आणि रेवतीपक्ष यांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे संक्रांतीत चारेक दिवसांचा. एरवी तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण अधिक महिना ठरवताना हे चार दिवस अख्खा महिना हलवतात. लोकमान्यांच्या प्रेरणेने निघालेले टिळक पंचांग दुसऱ्या पक्षाचे, बाकी बहुतेक महाराष्ट्र पहिल्याचा. २०२३ साली टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसला आणि बाकीच्यांकडे १९ सप्टेंबरला. ज्यांचे आजोळ एका पंचांगाचे आणि घर दुसऱ्याचे, त्यांना त्या वर्षी दोनदा मोदक मिळाले. अशा कुटुंबांत ज्योतिर्गणितावर वाद घालण्याची प्रथा नाही.

सूर्य धरणाऱ्यांचे वर्ष १४ एप्रिलच्या सुमारास लागते: पंजाबात बैसाखी, आसामात बोहाग बिहू, बंगालात पोइला बैशाख, ओडिशात पणा संक्रांती, तमिळनाडूत पुत्तांडू, केरळात विषू. हा दिवस वसंतसंपाताचा, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा, मानला गेला होता. संपात हळूहळू मागे सरकत २१ मार्चवर गेला, सण मात्र जागचे हलले नाहीत. पश्चिम बंगाल पोइला बैशाख १५ एप्रिलला करतो आणि बांगलादेश १४ला, त्यामुळे सरहद्दीच्या एका बाजूला नवे वर्ष असते आणि दुसऱ्या बाजूला जुन्याचा शेवटचा दिवस. केरळात विषू साजरी होते, पण इसवी सन ८२५ पासून मोजला जाणारा कोल्लम शक चिंगम महिन्यात, ऑगस्टच्या मध्यावर बदलतो; म्हणून वर सांगितलेल्या टायरवाल्याची दोन वर्षे.

तमिळनाडूत हा विषय विधानसभेत पोचला. २००८ साली द्रमुक सरकारने कायदा करून नववर्ष एप्रिलातून उचलले आणि पोंगलच्या दिवशी, जानेवारीत नेऊन ठेवले. २०११ साली अण्णाद्रमुक सत्तेवर आला. त्याने ते उचलून परत एप्रिलात ठेवले. पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल या सगळ्या काळात बदलली नाही.

गुजराती वर्षारंभाची ओळख मराठी माणसाला बहुधा गळक्या नळामुळे होते. दिवाळीच्या पाडव्याला नळ गळू लागतो, हे घराघरांतले निरीक्षण आहे. वायसर आणायला निघालेल्या माणसाला हार्डवेअरचे दुकान बंद दिसते. शटरवर झेंडूचे तोरण आणि बाजूला कुंकवाचे स्वस्तिक. आदल्या दिवशी चोपडापूजन झालेले असते, नव्या वह्यांवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिलेले असते, आणि दुकान उघडायला लाभपंचमी यावी लागते. तोवर नळाखाली बादली. विक्रम संवत हा उत्तरेतही तोच, पण तिकडे तो चैत्रात बदलतो आणि गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे वर्षातले सात महिने लखनौ अहमदाबादच्या एक वर्ष पुढे असते. मुंबई शेअर बाजार तर दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे: नफातोट्याचे वर्ष १ एप्रिलचे, मुहूर्ताचे सौदे लक्ष्मीपूजनाला. ज्याला पहिल्या वर्षात तोटा झाला, तो दुसऱ्या वर्षाच्या मुहूर्ताला पेढे खातो.

पारशी समाजाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागते. २०११च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी भरले. मुंबईतल्या एखाद्या मध्यम वॉर्डात याहून जास्त माणसे असतात. एवढ्या समाजाला वर्षारंभ तीन. जुन्या इराणी पंचांगात ३० दिवसांचे बारा महिने आणि शेवटी ५ दिवस, असे ३६५ दिवस आहेत. उरलेला पाव दिवस कुणी हिशेबात धरत नाही, म्हणून वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. यावर उपाय असा ठरला होता की १२० वर्षांनी एक जादा महिना घालायचा. भारतात आलेल्या पारशांनी तो एकदा घातला आणि पुढे विसरले. इराणात राहिलेले तो घालायलाच विसरले. शेकडो वर्षांनी दोघांची गाठ पडली तेव्हा पंचांगांत बरोबर एक महिन्याचा फरक निघाला. १७४५ साली सुरतेत एका गटाने इराणी हिशेब स्वीकारला. तो कदमी पंथ. बाकीचे शहेनशाही. विसराळूपणाच्या दोन तऱ्हांवरून पडलेले हे पंथ. पुढे १९०६ साली खरशेदजी कामा यांच्या पुढाकाराने तिसरा, फसली गट निघाला; त्याने वर्ष २१ मार्चला, जमशेदी नवरोजला, खिळवून टाकले.

महाराष्ट्रात सरकारी सुटी असते ती शहेनशाही नवरोजची, ऑगस्टच्या मध्यावर. तिला सगळे ‘पतेती’ म्हणतात. वास्तविक पतेती आदल्या दिवशी असते आणि तो वर्षभरातल्या पापांबद्दल पश्चात्ताप करण्याचा दिवस आहे. पारशी गृहस्थ वर्षानुवर्षे पश्चात्तापाच्या हार्दिक शुभेच्छा स्वीकारतात, आभार मानतात आणि आत जाऊन पत्रानी मच्छी खातात. कुणाला दुरुस्त करत बसायला त्यांच्यापाशी वेळ नसतो. तीन पंचांगे सांभाळायची असतात.

मुस्लिम समाजात चंद्र डोळ्यांनी पाहायचा की गणिताने काढायचा, हा प्रश्न आहे. बहुसंख्य लोक चंद्रदर्शनावर विसंबतात. दाऊदी बोहरा शेकडो वर्षांच्या ठरीव कोष्टकावर. म्हणून भेंडीबाजारात बोहऱ्यांची ईद एक-दोन दिवस आधी होते आणि शेजारच्या मोहल्ल्यातले लोक अजून गच्चीवरून ढगांत बघत असतात. हिजरी वर्षाचा पहिला महिना मोहरम. बोहरा कुटुंबे त्याच्या पहिल्या रात्री मोठे थाळ भरून जेवतात. पण तोच महिना करबलाच्या शोकाचा असल्यामुळे ‘हॅपी मोहरम’ असा निरोप पाठवणारा माणूस अडचणीत येतो. खेड्यापाड्यांत ही अडचण कमी, कारण तिथे शुभेच्छा देण्यापेक्षा ताबुताला खांदा द्यायचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली, ज्यू वर्षारंभाला मराठीत ‘नव्याचा सण’ म्हणत आले.

काही वर्षारंभांची कारणे खगोलशास्त्रात सापडत नाहीत. लडाखमध्ये लोसार तिबेटी लोसारच्या सुमारे दोन महिने आधी, डिसेंबरच्या आसपास करतात. सतराव्या शतकात राजा जामयांग नामग्यालला बाल्टिस्तानवर स्वारीला जायचे होते, सणासाठी थांबायला सवड नव्हती, म्हणून त्याने नवे वर्षच अलीकडे ओढून घेतले, असे तिकडे सांगतात. पुरीच्या गजपती राजांचे अंकवर्ष तर गणिताच्या मास्तरांना दाखवू नये असे आहे. राजा गादीवर बसला की पहिले वर्ष मोजायचे नाही, एकदम दुसरा अंक धरायचा. ज्यांच्या शेवटी ६ येतो ते अंक वगळायचे. शेवटी शून्य असलेलेही वगळायचे, अपवाद फक्त दहाचा. या हिशेबाने राजाचा पंचविसावा अंक चालू असतो तेव्हा त्याला गादीवर एकविसावे वर्ष असते. राजाचे वय यामुळे वाढत नसे, अनुभव मात्र वाढे.

महाराष्ट्राने दुसऱ्याच्या पंचांगाला नावे ठेवण्याआधी आपले जुने दफ्तर उघडून बघावे. पेशवाईतले कुठलेही मोडी पत्र घेतले तर त्यावर तारीख येते ती अशी: आधी ‘छ’ हे अक्षर, पुढे चंद्राची तारीख, मग जमादिलाखर, सवाल, जिल्काद असा मुसलमानी महिना. वर्ष शुहूर सनाचे आणि तेही आकड्यात नव्हे, अरबी संख्याशब्दांत. पानिपतच्या साली कारकून लिहितो ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृग लागला की बदलते, कारण वसूल पावसावर अवलंबून. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शनिवारवाड्यातला कारकून सकाळी स्नानसंध्या करताना संकल्पात शालिवाहन शक म्हणे, कचेरीत येऊन अरबीत वर्ष लिही, आणि सातारच्या गादीचा विषय निघाला तर १६७४ पासूनचा राज्याभिषेक शकही त्याला ठाऊक असे. पुढे इंग्रज आले तेव्हा त्याला फक्त जानेवारी-फेब्रुवारी शिकायचे राहिले.

हल्ली हे ज्ञान भिंतीवर टांगलेले असते. १९७३ साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढल्यापासून एकाच चौकोनात संकष्टी, ईद आणि नवरोज मावू लागले, आणि दुधाचा खाडाही त्याच चौकोनात लिहायची सोय झाली. तरी देशातली सगळी पंचांगे एकाच वेळी वापरणारा जाणकार पाहायचा तर मासळीबाजारात जावे लागते. मुंबईच्या कोळणीला पंचांग चुकून चालत नाही. चुकले तर पाटीतले पापलेट उरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टात होड्या समुद्रात जातात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, ताजी मासळी येऊ लागते, आणि नेमका तेव्हाच मराठी गिऱ्हाइकाचा श्रावण चालू असतो. त्याने आषाढाच्या शेवटी दोन दिवसांत महिन्याचे खाऊन घेतलेले असते आणि आता तो गणपती जाईपर्यंत पाटीकडे बघणार नसतो. भैय्या गिऱ्हाईक त्याच्या पंधरा दिवस आधीच बंद झालेले असते, पण राखीपौर्णिमा झाली की ते परत येते. मधल्या खड्ड्यात पारशी नवरोज येतो आणि पापलेटाला भाव देऊन जातो. पारशांचा बहमन महिना लागला की ते मटण सोडतात, पण मासळी आणि अंडी चालतात. हे कोळणीला अग्यारीतल्या दस्तुराइतके पक्के माहीत असते. नवरात्रात गुजराती बेन नाक दाबून पलीकडच्या फुटपाथने जाते आणि त्याच नऊ दिवसांत बंगाली बाई दुर्गापूजेच्या पाहुण्यांसाठी दुप्पट मासळी नेते. देवी एकच, स्वयंपाक वेगळा. लेंटच्या शुक्रवारी वांद्र्याचे ख्रिस्ती गिऱ्हाईक मांस टाळून मासळीकडे वळते. “काय ताई, आज चतुर्थी ना? मग बोंबील शेजारच्या आंटीला देते,” असे कोळीण म्हणते, तेव्हा ताईंना चतुर्थीची आठवण तिच्याकडूनच होते.

राहिला १ एप्रिल. सरकारी आर्थिक वर्ष १८६७ सालापासून या दिवशी सुरू होते. याला देव नाही, तोरण नाही, पक्वान्न नाही. आहे ते केवळ व्रत, आणि ते आदले पंधरा दिवस चालते. त्याचे नाव मार्च एंडिंग. या काळात कच्छी, तमिळ, बोहरा, मराठी, पारशी, सगळे कचेरीत रात्री उशिरापर्यंत बसतात, कॅन्टीनचा एकच चहा पितात, बायकोला फोनवर “निघालोच” असे आपापल्या भाषेत सांगतात आणि निघत नाहीत. पाडवा याच दिवसांत आला तर गुढी घरच्यांनी उभारायची आणि साहेबांनी फोटो पाहायचा. या वर्षारंभाच्या शुभेच्छा कुणी कुणाला देत नाही. १ एप्रिलला बँकेत जाण्यातही अर्थ नसतो. हिशेब बंद करण्यासाठी त्या दिवशी बँक गिऱ्हाइकांना बंद असते.